डायनासोरच्या पायाखालचं गवत

पहाटे साडेपाच

नागपुरात मे महिन्यात रंगवायचं असेल तर कावळ्यांच्या आधी उठावं लागतं. स्टुडिओवर पत्रा आहे. नऊ वाजले की तो तापायला लागतो आणि अकरापर्यंत अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरच खपली धरतं. कूलर लावावा तर दमट वाऱ्याने पातळ थर सुकत नाहीत, वर तुषार उडतात ते वेगळेच. म्हणून नाजूक काम पहाटे, ढोबळ काम उन्हात आणि भांडणं दुपारी, अशी माझी वाटणी आहे.

समोर बारा बाय पाच फुटांचा कॅनव्हास आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या विज्ञानदालनासाठी. वरोरा तालुक्यातलं पिजदुरा आणि जवळचं डोंगरगाव या पट्ट्यात सहा-सात कोटी वर्षांपूर्वी उभं राहिलं असतं तर काय दिसलं असतं, ते भिंतीवर आणायचं. मधोमध इसिसॉरस. डोंगरगावच्या टेकडीतून १९८४ ते १९८६ या काळात त्याचा सांगाडा खणून काढला. १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी त्याचं वर्णन छापलं, तेव्हा त्याला टायटनोसॉरसमध्ये घातलं होतं. आजचं नाव २००३ मधलं, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. संख्याशास्त्राच्या संस्थेचं नाव लावून एक डायनासोर विदर्भात चरत होता, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

आजचं पहिलं काम सावल्यांचं. त्या काळी भारत हे बेट होतं, उत्तरेकडे सरकत होतं, पण अजून विषुववृत्ताच्या बरंच दक्षिणेला होतं. म्हणजे पिजदुरा दक्षिण गोलार्धात. तिथे दुपारचा सूर्य वर्षाचा बराच काळ उत्तरेच्या अंगाने जाणार. चित्र पाहणारा पूर्वेला तोंड करून उभा आहे आणि सकाळचे नऊ वाजलेत, असं मी धरलं आहे. तर सूर्य डावीकडे कललेला हवा आणि सावल्या उजवीकडे, आपल्या दिशेने सरकलेल्या. हात मात्र सवयीने उलट जातो. जन्मभर नागपूरच्या उन्हात स्केच केलेत, हाताला तीच सावली ठाऊक. म्हणून कॅनव्हासच्या वरच्या कडेला खडूने बाण काढून ठेवला आहे आणि प्रत्येक सावलीआधी त्याच्याकडे बघते.

आता सकाळचे नऊ म्हणजे नेमके किती, असा प्रश्न कुणी विचारत नाही, पण मला पडतो. ओमानमध्ये सापडलेल्या त्या काळच्या एका शिंपल्यात रोजच्या वाढीचे थर आहेत. ते मोजून २०२० मध्ये संशोधकांनी सांगितलं की तेव्हा वर्षात ३७२ दिवस होते आणि दिवस साडेतेवीस तासांचा. चित्रात याने काडीचाही फरक पडत नाही. तरी माहीत असलेलं बरं.

सात

माझ्या हाताखाली काम करणारा पोरगा आला. चित्रकला महाविद्यालयात शिकतो, सुट्टीत माझ्याकडे जमिनीचे थर भरतो. येताना तर्री-पोहे आणतो आणि तर्री माझ्या वर्तमानपत्रावर सांडतो. त्याचं गाव वरोऱ्याकडचं. पोहे संपवून कॅनव्हाससमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही माती लाल काऊन करून राहिल्या? आमच्याकडं काळी असते."

प्रश्न बिनतोड आहे. विदर्भातल्या कुणालाही जमीन काढायला सांगा, तो कापसाची काळी जमीनच काढणार. पण ही काळी माती बनली दख्खनच्या लाव्हातून आलेल्या बेसॉल्टची झीज होऊन. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगडही त्याच लाव्हाचा. पिजदुऱ्याची हाडं ज्या थरात मिळतात तो लॅमेटाचा थर या दगडाच्या खाली आहे. आधी लॅमेटा, मग लाव्हा, मग लाव्हाची माती. इसिसॉरस चालला तेव्हा त्या पट्ट्यावर काळा दगड पसरलाच नव्हता, मग काळी माती कुठून येणार? तिथे सापडतात त्या लाल आणि हिरवट चिकणमात्या. तळ्याकाठच्या, पुराच्या पाण्याने पसरलेल्या, पावसाळ्यात भिजणाऱ्या आणि उन्हाळ्यात तडकणाऱ्या.

पोरगा ऐकून घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "मग कापूस नसेल." नव्हता.

लाल भरतानाही मी त्याला बर्न्ट सिएना थेट ट्यूबमधून लावू देत नाही. खाली येलो ऑकरचा पातळ हात, तो सुकला की वर सिएना आणि रॉ अंबर, आणि ओलसर भागात राखाडी-हिरव्याची एक झिलई. चिखल पाण्यालगत चमकतो तिथे पांढरा लावायचा नाही, आभाळाचाच रंग खाली आणायचा. हा कोपरा आज आठ इंचांनी पुढे सरकला तरी खूप झालं.

साडेनऊ

उजव्या बाजूचं झाड. माड-ताडाच्या कुळातलं काही आणि मागे उंच सूचिपर्णी एवढं ठरलेलं होतं. त्यांच्या पुढे रुंद पानांची एक झुडपी फांदी प्राण्याच्या तोंडाजवळ आणायची आहे. नवशिका चित्रकार इथे पान हिरवं, तजेलदार, पावसाने धुतलेलं काढतो, कारण पान म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. पुरावा वेगळा आहे.

पिजदुऱ्याच्या शेतांत डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. इंग्रज भूवैज्ञानिक मॅटली याने १९३९ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं होतं. शास्त्रज्ञ तिला कोप्रोलाइट म्हणतात. आमचा पोरगा 'दगडी पो' म्हणतो आणि तेच मला जास्त पटतं. २००४ मध्ये कर, शर्मा आणि कर या अभ्यासकांना त्या विष्ठेत पानांवर रोग आणणाऱ्या बुरश्या मिळाल्या. त्यांत आजच्या भुरीच्या आणि करप्याच्या बुरशीच्या जातकुळीतल्या होत्या. द्राक्षबागायतदार ज्या भुरीच्या नावाने बोटं मोडतो आणि मिरचीवाला ज्या करप्याच्या, त्यांचे हे पूर्वज किंवा भाऊबंद त्या जनावराच्या पोटात पानांबरोबर गेले होते.

तर माझ्या फांदीवरची पानं रोगट आहेत. एकावर कडेपासून आत शिरलेला तपकिरी डाग, त्याभोवती पिवळी कड. दुसऱ्यावर पिठासारखा पांढुरका थर. तो कोरड्या ब्रशने, जवळजवळ रंग नसल्यासारखा. डाग गोल गरगरीत काढले तर ते छापील वाटतात, म्हणून शिरेजवळ अडलेले आणि एका बाजूला सांडलेले काढते. ही पानं माझ्या शेजाऱ्यांच्या बागेतून आणली. त्यांना वाटतं मी औषध सुचवणार आहे.

साडेअकरा

पत्रा तापला. कूलर. ब्रश धुतले आणि शाळेच्या समितीतल्या साहेबांचा फोन आला. सज्जन गृहस्थ आहेत, पैसे वेळेवर देतात. मागण्या तीन: मागे धूर ओकणारा ज्वालामुखी, पुढे जबडा वासलेला राजासॉरस आणि एकंदर 'जरा हिरवंगार'.

ज्वालामुखीचं मी आधी निकालात काढलं. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून आला आणि थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. टोकदार शंकू, वर तांबडा लाव्हा आणि पावाच्या जाहिरातीसारखा धूर, हे सिनेमातलं. आणि आपल्या चित्राच्या घटकेला या तळ्याकाठी लाव्हा पोचलेलाच नाही. "मग आभाळ रिकामं दिसेल," साहेब म्हणाले. दिसू द्या म्हटलं. आभाळ बहुतेक वेळा रिकामंच असतं.

राजासॉरसवर ते अडून बसले. पोरांना दात लागतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण राजासॉरसला २००३ मध्ये नाव मिळालं ते गुजरातेत, बालासिनोरजवळच्या राहिओलीत सापडलेल्या हाडांवरून. त्याला उचलून चंद्रपुरात आणायचं आणि खाली 'पिजदुरा' लिहायचं, हे मला जमणार नाही. त्याऐवजी मी त्यांना साप देऊ केला. २०११ मध्ये मोहबे, हेड आणि विल्सन यांनी पिजदुऱ्यातल्या एका मोठ्या सापाचं वर्णन केलं आणि गावावरूनच त्याला मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस असं नाव दिलं. मोहबे हे आपले नागपूरचे भूवैज्ञानिक. "तुमच्या तालुक्यातल्या गावाचं नाव जगभरातल्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहे आणि तुम्ही गुजरातचा पाहुणा मागताय?" यावर साहेब विरघळले. तालुक्याचा अभिमान ही विदर्भात हमखास चालणारी गोष्ट आहे.

उरला हिरवेपणा. "खाली छान लॉन दाखवा ना ताई," ते म्हणाले. तो विषय मी दुपारवर ढकलला.

अडीच

जेवण, तासभर आडवं होणं, मग सरांना फोन. सर निवृत्त भूवैज्ञानिक आहेत, दुपारी झोपत नाहीत आणि कुणी फोन केला की खूश होतात. विषय गवत.

प्राचीन प्राण्यांची चित्रं काढणाऱ्यांत एक जुना दंडक होता: डायनासोरच्या पायाखाली गवत काढायचं नाही. काढलं तर जाणकार हसायचे. गवताचे खात्रीलायक जुने पुरावे होते ते डायनासोर संपल्यानंतरच्या काळातले. म्हणून चित्रकार खाली नेचे पसरत, शेवाळ, उघडी माती, गळालेली पानं. हा दंडक पिजदुऱ्याच्या शेणाने मोडला. मला या साऱ्या व्यवसायात याहून लाडकी गोष्ट नाही.

वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांचा लेख २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्यांनी त्या दगडी पोमधून फायटोलिथ वेगळे काढले. वनस्पती मुळांवाटे पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका ओढतात आणि ती पेशींमध्ये साठवतात. पान कुजतं, पचतं, पण सिलिकाचा तो काचेसारखा कण राहतो, पेशीचा आकार धरून. गवताच्या पात्याने बोट कापतं त्यात या सिलिकाचाही हात आहे. वनस्पतींच्या कुळागणिक या कणांची ठेवण बदलते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कण ओळखता येतो. त्या विष्ठेत ताडकुळी, सूचिपर्णी, इतर रुंद पानांच्या वनस्पती यांच्याबरोबर गवतंही निघाली, निदान पाच प्रकारची. २०११ मध्ये तिथल्याच विष्ठेवरून भाताच्या कुळाशी जवळचं नातं असलेलं गवतही ओळखलं गेलं. ती विष्ठा कुणाची, याचं उत्तर अर्थात अंदाजाचं आहे. आकार मोठा, आणि आसपास हाडं मिळतात त्यांत टायटनोसॉर गटाची जास्त, म्हणून त्यांची.

म्हणजे जगभरच्या चित्रकारांना हातात हिरवा रंग घ्यायची परवानगी वरोरा तालुक्याने दिली. माझं म्हणणं एवढंच की ती परवानगी आहे, हुकूम नाही. साहेबांना हवं ते लॉन आणि पुराव्यात मिळालेलं गवत यांच्यात मोठं अंतर आहे.

"गवत होतं, कुरण नव्हतं," सर फोनवर म्हणाले. "त्या पोमध्ये गवत इतर चाऱ्याबरोबर आलंय. जनावर समोर येईल ते ओरबाडत होतं. तू झुडपांच्या मधे पुंजके दाखव, पाण्याजवळ जास्त, उंचावर कमी."

"तुरे दाखवू का?"

"तुरा पाहिलाय कुणी?"

नाही. मग तुरे नाहीत. नुसती पाती.

साडेतीनला पाती सुरू केली. लांब केसांचा रिगर ब्रश, रंग दुधासारखा पातळ. ब्रश मुळाशी टेकवायचा, दाब द्यायचा आणि मनगट वर नेताना दाब सोडत जायचं, म्हणजे पातं टोकाला आपोआप निमुळतं होतं. बोटांनी ओढलं की ते खिळ्यासारखं ताठ येतं. ट्यूबमधला सॅप ग्रीन मी इथे वापरत नाही, तो बगिच्यातल्या गवताचा रंग आहे. ऑकरमध्ये निळ्याचा थेंब आणि वाळक्या पात्यांसाठी त्यातच थोडा सिएना, म्हणजे गवत त्या लाल मातीतूनच आल्यासारखं दिसतं. प्रत्येक पुंजक्यात दोन-चार पाती मोडलेली, एक-दोन चिखलात दबलेली, आणि एक पुंजका वरून तुटलेला. कुणीतरी नुकतंच ओरबाडून गेलंय.

पोरगा मागून बघत होता. "ताई, एवढंसंच?" एवढंसंच.

पाच

आता जनावर. लोकांना वाटतं माझा सगळा दिवस यातच जात असेल. खरं तर जनावराचं बरंचसं आधीच ठरलेलं असतं, कारण हाडं वाकत नाहीत. इसिसॉरसचे पुढचे पाय लांब आणि मान त्याच्या नातेवाइकांच्या मानाने आखूड, त्यामुळे खांदा उंच येतो. टायटनोसॉरांच्या पुढच्या पायाला बोटांची हाडं नसतात, नखंही नाहीत. सरळ मुसळाच्या टोकासारखा पाय जमिनीवर टेकतो. या एका गोष्टीवरून मी दुसऱ्यांची चित्रं पारखते. पुढच्या पायाला हत्तीसारखी गोंडस नखं दिसली की चित्रकाराने पुस्तक उघडलेलं नाही असं समजावं.

हत्तींकडून मी फक्त वजन घेतलं. गडचिरोलीच्या कमलापूर कॅम्पात बसून त्यांचे स्केच केले, पाय टेकल्यावर कातडी घोट्याशी कशी साचते ते पाहण्यासाठी. अमेरिकेतले चार्ल्स नाइट प्राणिसंग्रहालयात बसून जिवंत जनावरांचे अभ्यास करायचे आणि मग नामशेष जनावरं रंगवायचे. त्यांची नजर अधू होती, तरी चिखलात उभ्या जनावराचं वजन त्यांच्याइतकं फार थोड्यांना दाखवता आलं.

डोकं उसनं आहे. इसिसॉरसची पुरी कवटी नाही, म्हणून मादागास्करच्या रापेटोसॉरसची घेतली. उसनवारी अगदीच परक्याकडून नाही, मादागास्कर आणि भारत एकमेकांपासून सुटले त्याला तेव्हा दोनेक कोटी वर्षंच झाली होती. कातडीचा पोत अर्जेंटिनातला. आउका मावेवो इथे टायटनोसॉरांच्या अंड्यांत भ्रूणांच्या कातडीचे ठसे मिळालेत, एकमेकांवर न चढणाऱ्या गोल पुळ्यांचे. मोठ्या जनावरावर मी त्या बारीक ठेवते आणि पोटाकडे विरवत नेते.

रंगाच्या बाबतीत मात्र हात मोकळा आहे. चीनमधल्या पिसं असलेल्या काही छोट्या डायनासोरांच्या जीवाश्मात रंगकण टिकून आहेत. २०१० मध्ये सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस पट्टे होते इथपर्यंत कळलं. पिजदुऱ्याच्या जनावराची कातडीच मिळालेली नाही, तेव्हा मी पाठ गडद आणि पोट फिकं ठेवलं आणि मानेवर मातकट पट्टे दिले, तळ्यात डुंबून आल्यावर चिखल वाळावा तसे. पट्टे कातडीचे की चिखलाचे हे मी मुद्दाम उघड करत नाही.

सात

ऊन उतरलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात शेवटची वस्तू: शेणाचा ताजा पो. लाल चिखलावर, ओला, त्यात पचलेली-न पचलेली पाती.

साहेबांना हे अजून माहीत नव्हतं. पोरग्याने मोबाइलवर फोटो काढला आणि मला न विचारता त्यांना धाडला. पाच मिनिटांत फोन. "शाळेची भिंत आहे ताई, पोरं हसतील."

मी त्यांना हेन्री डी ला बेश यांची गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर मेरी अ‍ॅनिंग नावाची बाई कड्यांतून जीवाश्म काढून विकायची. तिच्या शोधांवरून डी ला बेश यांनी १८३० मध्ये एक जलरंग केला, 'डुरिया अँटिकिअर'. पुराव्याच्या आधाराने अख्खं प्राचीन दृश्य उभं करणारं ते पहिलं नावाजलेलं चित्र. त्याच्या छापील प्रती विकून पैसे अ‍ॅनिंगला दिले. आणि त्या चित्रात जनावरं पाण्यात विष्ठा टाकताना दाखवली आहेत, कारण त्या सुमारासच बकलँड यांनी दगड झालेली विष्ठा ओळखून तिला नाव दिलं होतं. या कलेचा श्रीगणेशाच शेणाने झालेला आहे. आणि तुमच्या तालुक्याचं विज्ञानातलं सगळ्यात मोठं काम त्याच वस्तूतून निघालं, ती मी कोपऱ्यातून काढून टाकू?

साहेब जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "थोडा लहान करा."

लहान केला.

रात्री नऊ

जेवणानंतर ब्रश साबणाने धुऊन, केस बोटांनी टोकदार करून आडवे ठेवले. उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरतं. मग चित्राखाली लागणारी पाटी लिहायला बसले. पाटीवर मला दोन याद्या हव्या आहेत. एकीत पुराव्यातलं: हाडं, लाल माती, गवत, ताडकुळी, पानांवरची भुरी, साप. दुसरीत माझं: कातडीचा रंग, मानेचे पट्टे, सकाळची वेळ, उसनं डोकं. बारा वर्षांच्या पोराला यातलं काय पक्कं आणि काय अंदाजाचं हे कळतं, फक्त कुणी सांगायला हवं. मोठ्यांचं मला ठाऊक नाही.

मजकूर साहेबांना पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं. पाटी दोन फुटांची आहे, त्यात देणगीदारांची नावंही बसवायची आहेत, एवढं मावणार नाही. मी कळवलं, नावांचं अक्षर बारीक करा.